सरकारी रान कुणाचे? चवदार तळ्यापासून तणनाशकापर्यंत

सरकारी वनजमिनीवर वरून, हेलिकॉप्टरने किंवा ड्रोनने, तणनाशक फवारण्याला आमचा विरोध आहे. हा पर्यावरणवाल्यांचा विषय आहे, आपला नाही, असे काही मित्र म्हणतात. आम्हाला तो महाडचाच विषय वाटतो.

4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातले पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, आणि पुढचा खटला उच्च न्यायालयात संपायला 1937 साल उजाडले. 'सार्वजनिक' या शब्दात आपण धरलेले आहोत की नाही, एवढाच तो वाद होता.

त्याच वर्षी, 17 सप्टेंबरला, बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरीत खोती म्हणजे काय, हे आपल्या आज्यापणज्यांना विचारावे लागत नव्हते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचा संसार रानावर चालतो. जळण, शेळ्यांचा चारा, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी. तणनाशकाच्या लेखी टाकळा हे तणच! आणि डोंगरावर पडलेले औषध पहिल्या सरीबरोबर पऱ्याला उतरते.

केरळातल्या कासरगोडला हेच झाले. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर 2000 सालापर्यंत वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. ते कीटकनाशक होते, तणनाशक नव्हे. पण वाऱ्याला आणि पाण्याला हा फरक कळत नाही. पीडितांना तीन महिन्यांत पाच-पाच लाख रुपये द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला जानेवारी 2017 उजाडला.

कायदा काय म्हणतो? 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान 24 तास आधी द्यायची. सूचना, संमती नव्हे. वनहक्क कायदा 2006 चे कलम 5 मात्र ग्रामसभेला जंगल आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देते. अडचण अशी, की हे कलम वनहक्कधारक असतील तिथे चालते, आणि आदिवासी नसलेल्यांना त्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रानाशी संबंध सिद्ध करावा लागतो. खोतांच्या दप्तरात आपली नावे शोधत बसलो तर जन्म जाईल. पण या कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे. वाडीवाडीतल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांचे जबाब याच उन्हाळ्यात लिहून घ्या.