वाटी, चिमूट आणि वीत

मराठी पाकपुस्तकांचा इतिहास सांगताना तीन थांबे ठरलेले असतात. १८७५ साली पुण्यात छापलेले रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र', विसाव्या शतकाच्या आरंभीचे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' आणि १९७० साली किर्लोस्कर प्रेसने काढलेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. या तीन थांब्यांवरून गाडी नेली की निष्कर्ष आपोआप हाती पडतो : आधीच्या बायका सगळे 'अंदाजाने' करत, पुस्तकांनी त्याला प्रमाण दिले. मला हा निष्कर्ष पटत नाही. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. आयुष्य हिशेबखात्यात गेले. पण मापे हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता, आणि गेली पंधरा वर्षे रद्दीवाल्यांकडून व ओळखीच्या घरांच्या माळ्यांवरून मी बायकांच्या हस्तलिखित वह्या जमवतो आहे. त्या वह्या वेगळे सांगतात.

आधी मापांचे बघू. जुन्या घरात दोन जातींची मापे नांदत होती. धान्य भरून मोजायचे : दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तूप, साखर, गूळ, मसाला हे वाण्याकडून तोलून यायचे : शेर, पावशेर, अदपाव, छटाक, तोळा. (अदपावाचेच दुसरे नाव नवटाक. हा शब्द पुढे मुंबईत दारूच्या गुत्त्यावर जाऊन बसला आणि घरात कोणी उच्चारीना.) शेर भरण्याचा वेगळा, तोलण्याचा वेगळा, शिवाय गावोगाव फरक. म्हणजे मापटे प्रत्येक कोठीत होते, पण तागडी होती ती वाण्याच्या दुकानात. स्वयंपाकघरात तागडी नव्हती, हे वाक्य साधे आहे, पण सगळी गोष्ट त्यात आहे. शेर-तोळ्यांत लिहिलेली पाककृती बाजारातून सामान आणणाऱ्याला आणि पंगतीच्या आचाऱ्याला उपयोगी. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या हाताशी वाटी होती, भांडे होते आणि स्वतःचा हात.

त्या हाताचेही कोष्टक होते. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. भातावर पाणी किती? बोटाचे एक पेर. याला आपण अंदाज म्हणतो, पण ज्या हाताने रोज तीच चिमूट घेतली त्या हाताला ते मापच होते. फक्त ते दुसऱ्याच्या हाती देता येत नव्हते. आता वह्यांत काय आहे ते पाहा. चकलीची भाजणी जवळपास प्रत्येक वहीत सापडते, आणि तिचा सांगाडा बहुधा एकच : तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक; मूग, धणे, जिरे घराघराप्रमाणे. पुष्कळ ठिकाणी आकड्यापुढे माप लिहिलेलेच नाही. चार काय? वाट्या, मापटी, शेर, काहीही. घरी चार माणसे असोत की चाळीस, चकली तीच होणार. ज्या बाईने एकक गाळून नुसते गुणोत्तर लिहिले तिला अंदाजाने करणारी म्हणणे म्हणजे हिशेब न कळणे.

मीठ-तिखटाशी मात्र गुणोत्तराची जादू संपते. तिथे वहीत 'नेहमीप्रमाणे' किंवा 'चवीपुरते' एवढेच. सांगली भागातून आलेल्या एका वहीत लाल तिखटापुढे 'आपल्या पितळी चमच्याने दीड' असे आहे. 'आपल्या' हा शब्द कोणासाठी, हे उघड आहे : मुलीसाठी, फार तर सुनेसाठी. वही माझ्याकडे आली, चमचा मोडीत गेला असणार.

मापांची खरी उलथापालथ पुस्तकांनी नव्हे, सरकारने केली. १९५६च्या कायद्यानंतर ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली आणि शेर गेला. माझ्याकडच्या एका वहीत बेसनाच्या लाडवांपुढे 'साखर पावशेर' खोडून दुसऱ्या शाईने '२५० ग्रॅम' केले आहे. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर धरला तर पावशेर म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. सगळेच जिन्नस पावशेराचे २५० झाले असते तर लाडू तोच राहिला असता. पण बेसन घरचे, दळून आणलेले, वाट्यांनी मोजलेले; त्याची वाटी बदलली नाही. साखर तेवढी वाण्याची. म्हणजे एका खोडीने त्या घरचा लाडू शेकडा सात टक्के गोड झाला. लिहिणारीच्या ते ध्यानात आले असावे, कारण खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात आहे : 'साखर थोडी हात राखून'.

याच वह्या उलट्या धरल्या की मागच्या बाजूने घरकाम सुरू होते : क्रोशाचे टाके, मण्यांच्या तोरणाची मोजणी, वाती, आकाशकंदील. वही एकच, कारण हात एकच. संशोधकांनी पाककृती अन्नाच्या खात्यात आणि विणकाम कलेच्या खात्यात टाकले, म्हणून ही मागची पाने कोणी वाचत नाही. आकाशकंदिलाचे टिपण बघा. बांबूच्या कामट्या चोवीस, 'एक वीत, सगळ्या सारख्या'. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे, मग चौकोनाला चौकोन कोपऱ्यावर जोडत जायचे. मधे आठ त्रिकोण आपोआप उरतात, ते वेगळे करावे लागत नाहीत. वीत कोणाची, याने काही बिघडत नाही. लहान मुलाची असेल तर कंदील लहान. अट एकच, सारखेपणाची. भाजणीची जी युक्ती तीच इथली.

आणि कागद चिकटवायला खळ. मैदा एक चमचा, पाणी एक वाटी, गुठळी न होऊ देता शिजवणे, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मजकूर अगदी खिरीच्या कृतीसारखा चालतो आणि शेवटी दोनदा अधोरेखित : 'वाटी वेगळी ठेवणे'. मोरचूद विषारी. स्वयंपाकाची मापे हस्तकलेत वापरायची तर ही काळजी घ्यावीच लागे, आणि ती कोणत्याही छापील पुस्तकाची वाट न पाहता घेतली जात होती.

मग कमलाबाईंचे श्रेय काय? मोठे आहे, पण ते वेगळ्या खात्यावर मांडले पाहिजे. सासूबाईंच्या हाताखाली शिकलेल्या या बाईंनी पुस्तकात वाटी-चमच्याचे प्रमाण धरले. वाटी त्यांनी शोधली नाही. ती वह्यांत होतीच. त्यांनी तिच्यामागचे 'आपली' हे विशेषण काढून टाकले आणि तिखट-मिठालाही आकडा दिला. नोकरीसाठी मुंबई-पुण्यात बिऱ्हाड केलेल्या, सासू-आई जवळ नसलेल्या मुलीला नेमके तेच हवे होते. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या त्या यामुळे.

खळीची कृती मात्र पाकपुस्तकात येणे शक्य नव्हते. पुस्तकांनी वहीचा पुढचा भाग घेतला, मागचा सोडला. अलीकडे एका घरी वही मागायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी पुढची पाने फोटो काढून घेतली, मग मूळ वही मला दिली आणि म्हणाल्या, "मागे काही नाही हो, नुसती कामट्यांची गणितं आहेत."