वटवाघळामागचा माणूस

देव्हाऱ्यातली मूर्ती कोणी घडवली, हे पूजा करताना आपण सहसा विचारीत नाही. मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते आणि घडवणारा विसरला जातो. अभंगाचे मात्र तसे नाही. त्याच्या अखेरीस ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा उमटलेली असते, आणि शतके लोटली तरी गाणारा आपल्याच तोंडाने कर्त्याचे नाव घेतो. अमेरिकेतल्या चित्रकथांच्या जगात अशी मुद्रा उमटायला एका लेखकाला ७६ वर्षे लागली. ती उमटली तेव्हा तो हयात नव्हता. आणि नवल असे की, त्या नावाची आठवण जागती ठेवली ती त्याच्या वाचकांनी.

ही हकीगत आहे बॅटमॅनची. आपल्या घरातली मुले ज्याला पडद्यावर पाहून टाळ्या पिटतात, तो वटवाघळाच्या वेषातला वीर १९३९ साली न्यूयॉर्क शहरात जन्मला. आदल्याच वर्षी सुपरमॅन अवतरला होता. त्याचा खप पाहून प्रकाशकांना दुसरा वीर हवा झाला होता. बॉब केन नावाच्या तरुण चित्रकाराने एक आकृती रेखाटली. अंगाला घट्ट बसलेले तांबडे कपडे, डोळ्यांपुरता लहानसा मुखवटा आणि पाठीला दोन ताठ पंख! हे चित्र घेऊन तो आपल्या मित्राकडे, बिल फिंगरकडे गेला. फिंगर तेव्हा २५ वर्षांचा. पोटासाठी जोडे विकावे आणि उरल्या वेळात गोष्टी लिहाव्या, असा त्याचा क्रम. त्याने चित्र पाहिले आणि सुचवले, की पंख काढून झूल दे, डोके कानांच्या टोपड्याने झाकून टाक, हातांत मोजे घाल आणि तो तांबडा रंग काढून सारा वेष काळवंडून टाक. झाले! विदूषकासारखी दिसणारी ती आकृती एकाएकी रात्रीची वाटू लागली. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आलेली पहिली गोष्टही फिंगरनेच लिहिली. ब्रूस वेन हे नायकाचे नाव त्याचे आणि गॉथम हे नगरीचे नावही त्याचेच. परंतु प्रकाशकाशी करार झाला तो एकट्या केनचा, आणि म्हणून पुढे जेथे जेथे बॅटमॅन गेला तेथे तेथे कर्ता म्हणून एकच नाव झळकले.

मग फिंगरची आठवण राहिली कशी? वाचकांमुळे. चित्रकथांच्या मासिकांत वाचकांची पत्रे पुऱ्या पत्त्यांसह छापू लागले, आणि गावोगावचे शौकीन एकमेकांना टपालाने धुंडू लागले. १९६१ साली डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस या मिसूरीतल्या तरुणाच्या सहकार्याने ‘ऑल्टर ईगो’ हे हौशी पत्र काढले. चित्रकथांवर तेव्हा कर्त्यांची नावे बहुधा नसत. तेव्हा ही रेषा कोणाची, हा संवाद कोणाचा, यावर ही मंडळी हिरिरीने वाद घालीत. शेजारीपाजारी हसले असतील. पण या रिकामटेकड्या वाटणाऱ्या वादातूनच १९६५ साली बेल्स फिंगरपर्यंत पोचले आणि त्यांनी त्याच्या कामगिरीवर लेख लिहिला. केनने लागलीच पत्र लिहून बॅटमॅनचा कर्ता आपण एकटेच असल्याचे ठासून सांगितले. फिंगर १९७४ साली वारला. कर्ता म्हणून त्याचे नाव तोवर कोठेच उमटले नव्हते. पुढे १९८९ च्या आत्मचरित्रात केनने मित्राचे ऋण मान्य केले. परंतु पुस्तकात मान्य करणे वेगळे आणि पाटीवर नाव रंगवणे वेगळे.

१९९२ साली बॅटमॅनची नवी कार्टूनमालिका दूरचित्रवाणीवर आली. तिची पार्श्वचित्रे काळ्या कागदावर रंगवलेली होती. जणू अंधार आधी आणि नगरी मागून. तेव्हापासून शौकिनांत नवा वाद पेटला, की खरा बॅटमॅन पुस्तकातला की पडद्यावरचा? आपल्याकडे नाटक थोर की कादंबरी, यावर जसे रात्र रात्र वाद रंगतात, तसाच हा प्रकार. पण देवघेव दोन्ही बाजूंनी होती. पुस्तकातल्या मिस्टर फ्रीझ या थिजलेल्या खलपुरुषाला पॉल डिनी या लेखकाने आजारी पत्नीचे दुःख दिले, आणि पुढे पुस्तकांनीही ते स्वीकारले. हार्ली क्विन ही अवखळ बाई तर जन्मलीच पडद्यासाठी आणि वर्षभरात पुस्तकात शिरली. तिचे जनक डिनी आणि ब्रूस टिम, हे तिचे चाहते झोपेतही सांगतील. त्याच मालिकेच्या नामावळीत बॅटमॅनचा जनक मात्र एकटा केनच होता!

ज्याला हार्लीचे आईबाप ठाऊक, तो बॅटमॅनचे विचारल्यावाचून कसा राहील? मार्क टायलर नोबलमन या लेखकाने फिंगरचे चरित्र धुंडाळले आणि २०१२ साली मुलांसाठी ते पुस्तकरूपाने मांडले. त्याची चित्रे काढली टाय टेम्पलटन यांनी, म्हणजे ज्यांनी त्या कार्टूनमालिकेवरून निघालेल्या चित्रकथाही रेखाटल्या होत्या. फिंगरला वारस उरलेला नाही, अशी समजूत होती. नोबलमन यांनी त्याची नात शोधून काढली. तिने आजोबांचा हक्क मागितला. अखेर २०१५ साली कंपनीने केनच्या नावाला फिंगरचे नाव जोडण्याचे मान्य केले. २०१७ साली, ज्या पो उद्यानात बसून ते दोघे मित्र कथा रचीत, त्याच्याजवळच्या रस्त्याच्या कोपऱ्याला फिंगरचे नाव देण्यात आले.

इतिहास म्हणजे केवळ राजांच्या लढाया नव्हेत. केलेल्या कामावर करणाऱ्याचे नाव राहावे म्हणून सामान्य माणसांनी दिलेली झुंज, तीही इतिहासच. वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाभोवती मुले ‘पुस्तकातला खरा की पडद्यावरचा’ म्हणून भांडू लागली, तर त्यांना गप्प करू नका. त्या भांडणात हळूच एक प्रश्न टाका: “अरे, पण हा लिहिला कोणी?”