मान कोणाचा?

अमेरिकेत कृतज्ञतादिनाच्या भोजनात टर्की पक्ष्याला अग्रमान असतो. तो रास्त आहे काय? १६२१ साली प्लिमथ येथे झालेल्या सुगीच्या मेजवानीविषयी एडवर्ड विन्स्लो यांनी पत्र लिहिले. त्यात पक्ष्यांच्या शिकारीचा मोघम उल्लेख आहे; टर्कीचे नाव नाही. स्पष्ट उल्लेख आहे तो पाच हरणांचा. वाम्पानोग प्रमुख मॅसासॉइट यांच्या माणसांनी ती मारून आणली होती. टर्कीचा थाट वाढला तो एकोणिसाव्या शतकात, सारा हेल यांच्या लेखणीमुळे. १८६३ साली लिंकन यांनी सणाला राष्ट्रीय रूप दिले. पक्षी मूळचा त्याच भूमीतला, तेव्हा तो ताटात खुशाल असावा. परंतु हरणे आणणाऱ्यांची भूमी पुढे हिरावली गेली. १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथला आदिवासी शोकदिन पाळतात. देणाऱ्याचे विस्मरण झाले, तर कृतज्ञता कसली?