जर्मनीतील प्राचीन ट्रीअर नगरी : एका दिवसाच्या भेटीसाठी मार्गदर्शन

युरोपच्या यात्रेस निघणाऱ्या आपल्या भाविकांच्या कार्यक्रमात लूर्द आणि फातिमा असतेच; जर्मनीत जावयाचे झाल्यास कलोनचे कॅथेड्रलही असते. त्यात ट्रीअर या नगरीसाठी एक दिवस राखून ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू इच्छितो. लक्झेंबर्गच्या सीमेजवळ मोझेल नदीच्या काठी वसलेले हे शहर फार मोठे नाही. त्याची लोकसंख्या एक लाखाहून थोडी अधिक आहे. आगगाडीने लक्झेंबर्गहून सुमारे एका तासात, तर कोब्लेन्झहून दीड तासात तेथे पोहोचता येते. सम्राट ऑगस्टसच्या काळात, ख्रिस्तजन्मापूर्वी सुमारे १७ वर्षे, स्थापन झालेली ही नगरी जर्मनीतील सर्वांत जुने शहर म्हणून ओळखली जाते. तेथील रोमन वास्तू, कॅथेड्रल आणि त्याच्या शेजारचे पवित्र मरियेचे चर्च यांचा १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

पर्यटक कंपन्यांचे गट येथे बहुधा दोन-तीन तास थांबतात. काळ्या वेशीसमोर छायाचित्र, बाजारचौकात कॉफी, कार्ल मार्क्सचे घर, कॅथेड्रलमध्ये एक फेरी, आणि बस पुढे निघते. परिणामी एका प्रेषिताच्या समाधीपासून अवघ्या दोन किलोमीटरवर येऊनही ती न पाहता आपले लोक परततात. म्हणून आम्ही येथे नेहमीचा क्रम उलटा करून सांगत आहोत. रेल्वे स्थानकावर उतरल्यावर समोरची वेस संध्याकाळसाठी राखून ठेवावी आणि बसने थेट शहराच्या दक्षिण टोकाला, संत मत्थियाच्या मठाकडे जावे.

यहूदाच्या जाण्याने बारा प्रेषितांमध्ये जी जागा रिकामी झाली, तिच्यासाठी योसेफ बर्सबा आणि मत्थिया अशी दोन नावे पुढे आली व चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली, हे आपण ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्या अध्यायात वाचतो. त्यानंतर पवित्र शास्त्रात त्याचा उल्लेख नाही. त्याचे पवित्र अवशेष संत हेलेनाने चौथ्या शतकात बिशप अ‍ॅग्रिशियस यांच्यामार्फत ट्रीअरला पाठविले, अशी परंपरा आहे. परंपरा आणि लेखी पुरावा यांत अंतर असते, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. इतिहासाला निश्चितपणे ठाऊक आहे ते इतके की, ११२७ साली जुने चर्च पाडताना हे अवशेष सापडले आणि तेव्हापासून यात्रेकरूंची रीघ लागली. नव्या चर्चचे समर्पण १३ जानेवारी ११४८ रोजी पोप तिसरे युजीन यांच्या हस्ते झाले. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस प्रेषिताची म्हणून पूजनीय मानली जाणारी ही एकमेव समाधी आहे.

हे बेनेडिक्टाईन मठाचे चर्च आहे. आत शिरताच तेथील शांतता जाणवते. वेदीखालच्या तळघरात ट्रीअरचे पहिले बिशप संत युखारियस आणि त्यांचे उत्तराधिकारी संत व्हॅलेरियस यांच्या शवपेट्या आहेत. ज्या गावात ख्रिस्ताची सुवार्ता प्रथम पोहोचली, तेथील पहिल्या मेंढपाळांच्या कबरी आजही दाखविता येतात, हे भाग्य थोड्याच धर्मप्रांतांना लाभते. ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यातून संत मत्थियाचे बंधुसंघ दरवर्षी कित्येक दिवस पायी चालत येथे येतात. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे दिवस त्यांच्या विशेष गर्दीचे असतात. पायी यात्रेची गोडी आपल्याला नव्याने सांगावयास नको. आपले वयस्कर भाविक सोबत असतील तर येथे किमान एक तास तरी द्यावा. जपमाळेसाठी याहून चांगली जागा दिवसभरात मिळणार नाही.

शहराकडे परतताना डावीकडे मोझेलवरील रोमन पूल लागतो. त्याचे दगडी खांब दुसऱ्या शतकातील असून वरच्या कमानी अठराव्या शतकातील आहेत. त्यावरून आजही वाहने धावतात. पुढे ब्र्यूकेनस्ट्रासे या रस्त्यावर १० क्रमांकाचे घर आहे. येथे ५ मे १८१८ रोजी कार्ल मार्क्सचा जन्म झाला. आता तेथे संग्रहालय आहे. २०१८ साली चीनने भेट दिलेला मार्क्सचा मोठा पुतळाही काळ्या वेशीपासून जवळच उभा आहे आणि त्यावरून गावात बराच वाद झाला होता. घर बाहेरून पाहिले तरी पुरे, असे आमचे मत आहे. मात्र तेथे उभे असताना एक गोष्ट आठवावी. मार्क्स ज्या शाळेत शिकला, त्याच शाळेत पुढे ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग हा या गावचा दुसरा मुलगा शिकला. १८९० साली जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू पोप अकरावे पायस यांच्या १९३१ सालच्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या सामाजिक परिपत्रकाच्या मसुद्याचे प्रमुख शिल्पकार होते. कामगाराच्या घामाचा प्रश्न एकाच गावातील दोघांनी हाती घेतला आणि दोघांची उत्तरे किती भिन्न निघाली! मार्क्सच्या घरासमोर रांग लागते. फादर नेल-ब्रॉयनिंग यांचे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकलेले असते.

येथून जवळच येशूसंघीयांचे जुने चर्च आहे. ते धर्मप्रांताच्या सेमिनरीला लागून आहे. मार्गदर्शक पुस्तिकांत त्याला दोन ओळी मिळतात. आम्ही मात्र वाचकांना येथे हमखास थांबावयास सांगू. या चर्चच्या तळघरात फादर फ्रीड्रिख श्पे यांची समाधी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ट्रीअरच्या परिसरात चेटूक केल्याच्या आरोपावरून शेकडो स्त्री-पुरुषांना जिवे मारण्यात आले. आरोपीला यातना द्यावयाच्या, यातनांतून कबुलीजबाब मिळवावयाचा आणि त्याच जबाबातून आणखी नावे काढावयाची, अशी ती रीत होती. विद्यापीठाचे रेक्टर राहिलेले न्यायाधीश डीट्रिख फ्लाडे यांनाही १५८९ साली मृत्युदंड झाला. हे सारे ख्रिस्ती राज्यात, आर्चबिशपच राज्यकर्ते असलेल्या प्रदेशात घडले. ते लपवून या शहराचे गुणगान करणे योग्य नव्हे. पुढच्या पिढीत, चेटकिणींचे खटले जर्मनीत अन्यत्र जोरात असताना, फादर श्पे यांनी १६३१ साली ‘काउत्सिओ क्रिमिनालिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. ते घालणे धोक्याचे होते. यातना दिल्या की निरपराध माणूसही कोणताही गुन्हा कबूल करतो, म्हणून असा जबाब हा पुरावाच नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. १६३५ साली युद्धामुळे ट्रीअरमध्ये जखमी आणि प्लेगग्रस्त सैनिकांची गर्दी झाली. त्यांची शुश्रूषा करीत असता फादर श्पे यांना रोगाची लागण झाली आणि ७ ऑगस्ट रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते देवाघरी गेले. ख्रिस्तसभेने त्यांना अद्याप संतपद दिलेले नाही. तरीही या समाधीपुढे आपला माथा आपोआप नमतो.

दुपारच्या जेवणानंतर सम्राट कॉन्स्टंटाईनची बासिलिका पाहावी. हे नाव ऐकून आपल्याला चर्च वाटेल, परंतु मुळात हा सम्राटाचा सिंहासन-महाल होता. इसवी सन ३१०च्या सुमारास बांधलेला हा विटांचा महाल सुमारे ६७ मीटर लांब, २७ मीटर रुंद आणि ३३ मीटर उंच असून आत एकही खांब नाही. १८५६पासून ते प्रॉटेस्टंट बांधवांचे प्रार्थनामंदिर आहे. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले आणि पुन्हा उभारताना आतील भिंती मुद्दाम उघड्या विटांच्या ठेवण्यात आल्या. शेजारी गुलाबी रंगाचा, शिल्पांनी नटलेला राजवाडा आहे. त्यापलीकडच्या बागेतून गेल्यास शाही स्नानगृहांचे भग्नावशेष दिसतात. पायांत बळ उरले असेल तरच टेकडीच्या कुशीतील रोमन क्रीडांगणापर्यंत जावे.

चौथ्या शतकात ट्रीअर ही पश्चिमेकडील रोमन साम्राज्याची एक राजधानी होती, हे लक्षात घेतले की आपल्या संतांच्या चरित्रांतील अनेक धागे येथे जुळतात. ख्रिस्ताचे देवत्व नाकारणाऱ्या एरियसच्या मताशी झुंजणारे संत अथानासिअस हद्दपार होऊन आले ते याच नगरीत, आणि येथील बिशप संत मॅक्झिमिनस यांनी त्यांना आश्रय दिला. संत अ‍ॅम्ब्रोज यांचा जन्म ३३९च्या सुमारास येथेच झाला. त्यांचे वडील रोमन साम्राज्याचे मोठे अधिकारी होते. संत ऑगस्टीन स्वतः येथे आले नव्हते, तरी त्यांच्या ‘कबुलीजबाब’ ग्रंथाच्या आठव्या भागात ट्रीअरचा प्रसंग आहे. सम्राट खेळ पाहण्यात दंग असताना दरबारातील काही अधिकारी तटबंदीजवळच्या बागांत फिरावयास गेले. त्यांच्यापैकी दोघांच्या हाती एका झोपडीत संत अंतोनी या वनवासी साधूचे चरित्र पडले. ते वाचून दोघांनी नोकरी सोडली व प्रभूला जीवन वाहिले. ही हकिकत मित्राच्या तोंडून ऐकून मिलानमध्ये ऑगस्टीन यांचे हृदय हेलावले. ते चरित्र लिहिणारे होते अथानासिअस, म्हणजे काही वर्षांपूर्वी याच गावात निर्वासित म्हणून राहिलेले बिशप!

याच दरबारात ३८५च्या सुमारास एक दुःखद घटनाही घडली. स्पेनमधील प्रिसिलियन आणि त्यांच्या काही अनुयायांना काही बिशपांच्या तक्रारीवरून सम्राट मॅक्झिमस याने मृत्युदंड दिला. धर्ममताच्या वादातून ख्रिस्ती राज्यकर्त्याने ख्रिस्ती माणसाचे प्राण घेण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. तूर नगरीचे संत मार्टिन यांनी येथे येऊन रक्तपात करू नये म्हणून सम्राटाची विनवणी केली होती. संत अ‍ॅम्ब्रोज यांनीही मृत्युदंड मागणाऱ्या बिशपांशी वेदीवरील संबंध ठेवण्यास नकार दिला. फादर श्पे यांच्या समाधीवरून नुकतेच आलेल्या यात्रेकरूला या दोन घटनांतील नाते उलगडून सांगण्याची गरज नाही.

आता कॅथेड्रल. त्याच्या मधल्या चौकोनी भागातील भिंती चौथ्या शतकातील आहेत. पश्चिमेकडील भव्य दर्शनी भाग अकराव्या शतकातील, आणि पुढे प्रत्येक शतकाने त्यात आपली भर घातली. प्रवेशद्वाराजवळ ग्रॅनाइटचा एक मोडका खांब पडलेला दिसेल. मोठी मद्यशाळा बांधतो आहोत असे सांगून गावकऱ्यांनी सैतानाकडून खांब वाहून आणविले आणि फसवणूक कळताच त्याने रागाने हा खांब फेकला, अशी लोककथा आहे. मुले त्यावरून घसरगुंडी करतात. आपल्या मुलांनाही करू द्यावी. तिजोरीघरात आर्चबिशप एगबर्ट यांच्या काळातील, म्हणजे दहाव्या शतकातील, संत आंद्रिया यांच्या पादत्राणाच्या अवशेषासाठी केलेली सुवर्णवेदी आहे. तिकीट काढून ती अवश्य पाहावी.

या कॅथेड्रलचा सर्वांत पूज्य ठेवा म्हणजे प्रभूचा पवित्र अंगरखा. क्रुसाखालच्या सैनिकांनी न फाडता, चिठ्ठ्या टाकून ज्याचा निर्णय केला, तो शिवणीवाचूनचा अंगरखा आपल्याला योहानच्या शुभवर्तमानातून ठाऊक आहे. हे वस्त्रही संत हेलेनाने दिले अशी परंपरा आहे. ११९६ साली ते मुख्य वेदीत ठेवण्यात आले आणि १५१२ साली सम्राट मॅक्झिमिलियन यांच्या इच्छेवरून प्रथमच लोकांना दाखविण्यात आले. शतकानुशतके दुरुस्त्या होऊन कापडावर थर चढले आहेत. त्यामुळे मूळ वस्त्राचे वय सांगता येत नाही आणि ख्रिस्तसभाही ते सिद्ध करण्याचा हट्ट धरीत नाही. आपल्या भाविकांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी, म्हणजे निराशा होणार नाही : अंगरखा एरवी दिसत नाही. तो वेदीमागच्या स्वतंत्र दालनात बंद पेटीत असतो. विसाव्या शतकात तो १९३३, १९५९ आणि १९९६ अशा तीनच वर्षी दर्शनासाठी ठेवला गेला, आणि त्यानंतर २०१२ साली. दरवर्षी ईस्टरनंतर काही दिवस ‘पवित्र अंगरखा दिन’ साजरे होतात. त्या काळात गेल्यास उपासनांत सहभागी होता येते.

या वस्त्राच्या यात्रेवर मार्टिन लूथर यांनी कठोर टीका केली होती. १८४४च्या दर्शनावरून तर जर्मन कॅथलिकांतच फूट पडून एक वेगळा पंथ निघाला. न फाटलेल्या वस्त्रावरून माणसे फाटावीत, हे दुर्दैवच. २०१२ साली मात्र ऱ्हाइन प्रदेशातील प्रॉटेस्टंट मंडळीने यात्रेत सहभाग घेतला आणि जे विभक्त झाले आहे ते प्रभूने एकत्र आणावे, हीच त्या यात्रेची प्रार्थना होती. दालनाच्या दारापाशी गुडघे टेकताना आपल्या गावातील आणि घरातील दुरावेही प्रभूपुढे ठेवावेत.

लागूनच पवित्र मरियेचे चर्च आहे. १२३०च्या सुमारास बांधकाम सुरू झालेले हे जर्मनीतील अगदी आरंभीच्या गॉथिक चर्चपैकी एक होय. त्याचा आराखडा बारा पाकळ्यांच्या गुलाबासारखा आहे. बारा खांबांवर बारा प्रेषितांची चित्रे असून जमिनीवरील एका काळ्या दगडावर उभे राहिल्यास ती सर्व एकाच जागेवरून दिसतात. सकाळी ज्याच्या समाधीचे दर्शन घेतले, तो मत्थियाही येथे शोधावा.

बाजारचौकात ९५८ सालचा क्रूस आणि संत पेत्राचे कारंजे आहे. कारंज्याभोवती न्याय, धैर्य, संयम व विवेक या चार सद्‌गुणांच्या मूर्ती आहेत. येथून सरळ रस्ता काळ्या वेशीकडे, म्हणजे पोर्टा नीग्राकडे जातो. इसवी सन १७०च्या सुमारास उभारलेली ही वेस चुन्याशिवाय, दगडांत लोखंडी अडसर बसवून बांधली आहे. मध्ययुगात लोखंडासाठी ते अडसर उकरून काढण्यात आले. त्याची भोके स्पष्ट दिसतात. अकराव्या शतकात सिमिओन नावाच्या ग्रीक संन्याशाने या वेशीत स्वतःला कोंडून घेऊन प्रार्थनेत अखेरची वर्षे घालविली. १०३५ साली त्यांचे निधन झाल्यावर वेशीचेच चर्च करण्यात आले आणि त्यामुळेच ती वाचली. शहराच्या बाकीच्या रोमन वेशी दगडांसाठी पाडल्या गेल्या. पुढे १८०४ साली नेपोलियनने चर्चचा भाग काढून टाकण्याचा हुकूम दिला. पूर्वेकडील अर्धवर्तुळाकार भाग मात्र अद्याप उभा आहे.

वेशीपासून स्थानक चालत दहा मिनिटांवर आहे. गाडीला वेळ असल्यास जवळच्या संत पॉलिनस चर्चमध्ये जावे. अथानासिअस यांची बाजू घेतल्याबद्दल ३५३ साली हद्दपार झालेल्या आणि परमुलखातच वारलेल्या बिशपांचे हे चर्च अठराव्या शतकात बाल्थाझार नॉयमान यांच्या आराखड्याने नव्याने सजले. मिस्सा सुरू असताना कोणत्याही चर्चमध्ये फिरू देत नाहीत, तेव्हा वेळा आधी पाहून ठेवाव्यात. संत मत्थियाचा सण आपल्याकडे १४ मे रोजी असला तरी जर्मनीत तो २४ फेब्रुवारीला साजरा होतो. त्या दिवशी जाणाऱ्यांनी गरम कपडे बरोबर घ्यावेत.