शेगडी, उनून आणि बुखारी

कलकत्त्याच्या थंडीविषयी लिहावयाचे म्हटले, तर महाराष्ट्रातील आप्तेष्ट हसण्याचाच संभव अधिक. येथे पौषातसुद्धा पारा सहसा दहा-बारा अंशांच्या खाली उतरत नाही. तरी कार्तिकाची चाहूल लागताच बंगाली गृहस्थ कानटोपी घालून बाजारास निघतो, आणि पाचसहा वर्षे येथे काढलेला मराठी माणूसही नकळत त्याचे अनुकरण करू लागतो. थंडीची भीती ही थंडीच्या प्रमाणात नसते, सवयीच्या प्रमाणात असते. परंतु या लेखाचा विषय थंडी नसून ऊब हा आहे. आणि तीही घरातील नव्हे, तर मनुष्य जेथे हाताने काम करतो त्या जागेची. सुताराची खोली, मूर्तिकाराची शाळा, परसातील पत्र्याची पडवी, सैनिकाचे खंदकातील निवासस्थान, या ठिकाणी बोटे आखडू नयेत, सरस गोठू नये आणि माती ओली राहू नये म्हणून माणसाने अग्नी कसा कोंडला, व कोंडलेल्या अग्नीने त्याच्यावर कसा सूड उगविला, त्याचा हा धावता इतिहास आहे.

या इतिहासाचे मर्म एका वाक्यात सांगता येते. अग्नीपासून माणसास ऊब हवी असते, धूर नको असतो; आणि ही दोन्ही एकाच ज्वालेची अपत्ये असल्यामुळे त्यांची ताटातूट करणे हीच खरी कारागिरी ठरते.

आपल्या पूर्वजांनी ती ताटातूट एका ठिकाणी फार सुरेख साधली होती. वाचकांपैकी जे वडीलधारे आहेत त्यांस न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवत असेल. बाहेर पाण्याचे गोल पात्र, त्याच्या पोटातून उभी गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी. जाळीवर गोवरीचे तुकडे, काटक्या, नारळाच्या करवंट्या पेटत. राख खाली गळे, धूर नळीच्या तोंडाने वर निघून जाई आणि पाणी मात्र धुराचा स्पर्शही न होता तापे. अग्नी एकीकडे, पाणी दुसरीकडे, मध्ये तांब्याचा पातळ पडदा. आजची अत्यंत आधुनिक तापकयंत्रे याच तत्त्वावर चालतात, हे पुढे दिसेलच. शेगडीची गोष्ट मात्र वेगळी. बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवलेली कोळशाची शेगडी किंवा पहाटे अंगणात पेटविलेली आगटी, यांत पडदा असा नाहीच. जे काही जळते ते आपल्याच श्वासात मिसळते. आगटीला आकाश मोकळे असते म्हणून निभावते. बंद खोलीतील शेगडीचे तसे नाही.

आता कलकत्त्याकडे वळू. हे शहर कोळशाच्या दारातच वसलेले आहे. राणीगंज परिसरातील कोळसा काढण्याचा पहिला प्रयत्न समनर आणि हीटली या दोघा इंग्रजांनी १७७४ मध्ये केला. पुढे द्वारकानाथ टागोरांच्या कार-टागोर कंपनीने १८३६ मध्ये राणीगंजची खाण विकत घेतली, व १८४३ मध्ये बेंगॉल कोल कंपनी स्थापन झाली. १८५५ च्या फेब्रुवारीत हावड्याहून राणीगंजपर्यंत आगगाडी धावू लागली. मुंबई-ठाणे ही आपली गाडी दोन वर्षे आधीची, हे खरे. पण ती माणसे वाहण्यासाठी निघाली आणि ही मुख्यतः कोळसा आणण्यासाठी. त्यानंतर हुगळीच्या दोन्ही तीरांवर तागाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि स्वयंपाकघरातही लाकडाची जागा हळूहळू कोळशाने घेतली.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. १८६३ मध्येच कलकत्ता व हावडा येथील धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. तो तोकडा पडला म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक ग्रोव्हर नावाच्या इंग्रज तज्ज्ञास पाचारण करण्यात आले. त्याच्या पाहणीनंतर १९०५ चा बंगाल धूर-उपद्रव कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. मुंबई इलाख्याने याच धर्तीवर १९१२ मध्ये आपला कायदा केला. धुराचा काळेपणा ठरविण्यासाठी त्या काळी रिंगेलमन या फ्रेंच प्राध्यापकाचा तक्ता प्रचलित होता. पांढऱ्या कागदावर कमीअधिक दाट काळ्या रेषांच्या चौकटी. तो तक्ता दूर धरावयाचा आणि धुराड्याच्या तोंडाकडे पाहून कोणती चौकट जुळते ते लिहून घ्यावयाचे. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास या पद्धतीचे कौतुक वाटते. धुरासारखी निसटती वस्तूही रकान्यात बसविता येते, हे सिद्ध करणारा तो मनुष्य आम्हां कारकुनांचा कुलपुरुष शोभेल.

त्या कायद्यातील एक कलम मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहे. प्रेत जाळण्याची चिता आणि खाजगी घरातील चूल या दोहोंस त्यातून वगळलेले होते. परंतु खाजगी घरातील अग्नी जर धंद्याच्या किंवा उत्पादनाच्या कामी वापरला जात असेल, तर ती सवलत नव्हती. म्हणजे माजघरातील चूल सुटली, पण परसात कोणी भट्टी लावून काही घडवू लागला की तो कायद्याच्या कक्षेत आला. कायदे करणाऱ्यांस सुतार-लोहाराच्या खोपटातला अग्नी हा घरातल्या अग्नीहून निराळा आहे हे कळत होते. न कळलेली गोष्ट एवढीच, की कलकत्त्याच्या हिवाळ्यातील संध्याकाळ काळवंडण्यात घरोघरच्या चुलींचाही वाटा मोठा होता.

ती चूल म्हणजे उनून. लोखंडी बादलीला आतून मातीचे अस्तर, मध्ये सळयांची जाळी, खाली हवा जाण्यास भोक. जाळीवर घुँटे म्हणजे आपल्या गोवऱ्या, त्यावर कोळसा किंवा कोळशाच्या भुकटीत माती कालवून वळलेले गुल. उनून पेटताना भयंकर धुमसतो. म्हणून तो दारापुढे, गल्लीत, पायरीवर ठेवून पेटवावयाचा आणि धूर ओसरून निखारे लाल झाले म्हणजे उचलून आत न्यावयाचा, अशी येथील सार्वत्रिक रीत होती. हिवाळ्यात जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते आणि वरच्या उबदार थराचे झाकण पडते. त्या झाकणाखाली लाखो उनुनांचा धूर कोंडून राही. ज्यांनी १९६०-७० ची कलकत्त्याची संध्याकाळ पाहिली, त्यांस रस्त्यावरील दिव्यांभोवतीचे पिवळट वलय आणि डोळ्यांची चुरचुर सांगावयास नको. या धुरास उतार पडू लागला तो स्वयंपाकाच्या गॅसमुळे. इंडियन ऑइलची इंडेन गॅसची पहिली जोडणी याच शहरात २२ ऑक्टोबर १९६५ रोजी दिली गेली, ही गोष्ट येथील जुन्या रहिवाशांनाही फारशी ठाऊक नसते.

उनून बाहेर पेटवून आत आणण्याच्या रीतीत शहाणपण होते, परंतु ते अर्धे होते. डोळ्यांस दिसणारा धूर बाहेर राही, न दिसणारे विष मात्र लाल निखाऱ्यांबरोबर आत येई. कोळशास पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहूनही अधिक जोराने चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. आणि गुंगीत माणसाला उठून खिडकी उघडावी हे सुचतच नाही. झगमगणारा निर्धूम निखारा हा धुमसत्या लाकडापेक्षा अधिक घातकी, कारण धूर निदान खोकला आणून जागे तरी करतो. पॅरिसमध्ये १९०२ च्या सप्टेंबरात एमिल झोलासारखा जगद्विख्यात कादंबरीकार शयनगृहातच मरण पावला, तो धुराडे तुंबल्यामुळे. ज्याच्या लेखणीने फ्रान्सचे सरकार हादरले, त्यास एका रात्रीत संपवावयास तुंबलेली एक नळी पुरली. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, आणि आपल्याकडे वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरातील गॅस-गीझरही हेच करतो. वृत्तपत्रांतून ही बातमी चार ओळींत येते.

येथवर थंडीचा विचार झाला. परंतु कलकत्त्यातील कारागिराला उबेची खरी गरज हिवाळ्यात नव्हे, पावसाळ्यात भासते. कुमारटुलीत भाद्रपदात कधी पाऊल टाकावे. गवताचा सांगाडा, त्यावर गंगेची माती, थरावर थर. नवरात्र तोंडावर आलेले आणि आभाळ फाटलेले. माती वाळल्याशिवाय पांढरा हात देता येत नाही, पांढरा हात दिल्याशिवाय रंग चढत नाही, आणि देवीच्या आगमनाची तिथी तर कोणासाठी पुढे ढकलता येत नाही. मग अरुंद खोपटावर प्लॅस्टिकची ताडपत्री ओढून आत कोळशाच्या शेगड्या पेटतात, पंखे फिरतात आणि अलीकडे गॅसची निळी ज्योत हातात धरून मूर्तीच्या अंगावरून फिरविली जाते. यातही घाई चालत नाही. वरची साल आधी वाळली आणि गाभा ओला राहिला, तर माती आकसताना मूर्तीस तडा जातो. मग ओल्या मातीत भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या लावून तो बुजवावा लागतो. रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतील शाडूकाम ज्यांनी पाहिले असेल, त्यांस ही चिंता परकी वाटणार नाही; त्यांचा देव तर ऐन पावसाळा संपण्याआधीच घरोघरी पोहोचावा लागतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरचा गणपती कलकत्त्यातच घडतो, त्यांची मूर्तीही याच उबेत सुकलेली असते. कुमारटुलीची खोपटी गळकी आणि फटींनी भरलेली आहेत म्हणून त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त करण्याची पद्धत आहे. माझे मत असे, की शेगडीपुढे दिवसरात्र बसणाऱ्या त्या कारागिरांना आजवर त्या फटींनीच वाचविले असावे.

डिझेलचा या कथेत प्रवेश उशिरा होतो. मराठी माणसास डिझेल परिचित झाले ते विहिरीवरील इंजिनामुळे. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये निघाली, आणि त्या इंजिनाची टुकटुक हा कित्येक गावांचा पहाटेचा घंटानाद झाला. ऊब देण्यासाठी मात्र आपल्याकडे खनिज तेल जळू लागले ते हिमालयात. लडाखमधील लष्करी ठाण्यांतून वापरली जाणारी बुखारी म्हणजे पत्र्याचा नळकांडीवजा चुला. आत रॉकेल थेंबथेंब पडून जळते आणि धूर छपरातून वर गेलेल्या नळीने बाहेर जातो. काजळीने नळी तुंबली किंवा वाऱ्याचा झोत उलटा शिरला, की ज्वाला भडकून खोलीत येते अथवा तो गंधहीन वायू आत साचतो. सीमेवर शत्रूच्या गोळीने नव्हे तर बुखारीने जवान गमवावे, हे दुःख संरक्षण संशोधन संस्थेस अस्वस्थ करीत होते, आणि २०२१ च्या आरंभी तिने ‘हिमतापक’ नावाची सुधारलेली बुखारी पुढे आणली. तिकडे डिझेलची अडचण आणखी वेगळी. कडाक्याच्या थंडीत ते तुपासारखे थिजते. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल उपलब्ध करून दिले.

आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आता इंग्लंड-अमेरिकेत आहेत. तेथे घरामागील बागेत लाकडी खोपी असते आणि सुट्टीच्या दिवशी गृहस्थ तीत सुतारकाम करीत बसतो. जर्मनीतील वेबास्टो आणि एबरश्पेखर या कंपन्यांनी मालमोटारींच्या चालकांसाठी तयार केलेले लहान डिझेल-तापक गेल्या काही वर्षांत, स्वस्त चिनी नकलांच्या रूपाने, या खोप्यांत जाऊन बसले आहेत. त्याची रचना पाहिली की बंब आठवल्याशिवाय राहत नाही. एक छोटा पंप टिकटिक करीत मोजके डिझेल आत सोडतो, तापलेली कांडी ते पेटविते, ज्वाला ॲल्युमिनियमच्या बंद कोशात जळते. त्या कोशाच्या बाहेरून पंखा खोलीची हवा फिरवितो. पाण्याच्या जागी हवा आली, तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम आले, एवढाच फरक. दोन किलोवॅट ऊब देताना असे यंत्र ताशी पाव लिटरच्या आसपास डिझेल घेते.

धुराची नळी नसलेला रॉकेलचा तापक त्याहून सोपा आणि स्वस्त दिसतो. पण एक लिटर तेल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. ते बंद खोपीत रंध्याच्या पात्यावर आणि करवतीवर दव होऊन बसते आणि आठवड्यात हत्यारे गंजतात. माणसाच्या जिवाला असलेला धोका निराळाच. यास्तव ज्यांची मुले असा उद्योग करीत असतील त्यांनी पत्रात, किंवा आता दूरध्वनीवर, एवढे जरूर विचारावे: धुराची नळी भिंतीपार गेली आहे काय, ती जेथे लाकडातून जाते तेथे धातूचे कडे बसविले आहे काय, ज्वालेला लागणारी हवा बाहेरूनच घेतली आहे काय, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा खोपीत टांगलेली आहे काय. यंत्र बंद केल्यानंतरही त्याचा पंखा काही मिनिटे फिरत राहतो. तो आपोआप थांबेपर्यंत वीज तोडू नये. आतील कोश तोवर तापलेलाच असतो.