बाणाची काडी

सुरत शहरी तापीच्या तीरावर अश्विनीकुमार घाट आहे. कर्णाचा अंत्यविधी याच ठिकाणी झाला, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. धनुर्धरांची नावे आपण भक्तीने घेतो. परंतु त्यांच्या भात्यातील बाण कोणी घडविले, हा प्रश्न आपल्या मनास सहसा शिवत नाही. त्याचे उत्तर सुरतेच्या पूर्वेस, व्यारा-सोनगडच्या आणि त्यापलीकडील डांगच्या रानांत मिळते.

बाणास संस्कृतात ‘शर’ म्हणतात, आणि शर हे एका बोरूसारख्या गवताचेही नाव आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात बाणांचे प्रकार सांगताना वेणु व शर यांची नावे आरंभीच घेतली आहेत. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणी सम्राट झर्क्सिझच्या सैन्यात जे हिंदी योद्धे होते, त्यांचे धनुष्यबाण वेताचे असून बाणांस लोखंडी टोके होती, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. टोक लोहाराचे खरे. परंतु बाण सरळ जाणे न जाणे हे काडीच्याच हाती.

या रानांत मुख्यत्वे दोन जातींचे बांबू होतात. काटस जाड, पोकळ व काटेरी. मानवेल बारीक, आणि कोरड्या उतारावर वाढल्यास जवळजवळ भरीव. काडी निवडताना कोवळा बांबू टाकावा लागतो, कारण तो वाळताना आक्रसतो व वाकतो. पेरे लांब आणि जाडी दोन्ही टोकांस शक्य तितकी सारखी हवी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूस भुंगेरा लवकर लागतो. म्हणून तोड हिवाळ्यात करणे हिताचे. काडी सावलीत वाळवावी, उन्हात ती तडकते. मग निखाऱ्यावर शेकून वाक काढावयाचा, निवेपर्यंत ती तशीच धरावयाची आणि शेवटी गाठी तासावयाच्या. भिल्लांच्या कामठ्याची दोरीदेखील बांबूच्या चिवट सालीचीच असे. बाण सुमारे एक वार लांबीचे असत, आणि बांबूच्या चटईच्या भात्यात असे साठ बाण मावत.

एवढी ही विद्या. परंतु ती हातात टिकण्यास बांबू हाताशी असावा लागतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबू व वेत यांची गणना वृक्षांत केली, आणि राखीव रानातील काडी परवान्यावाचून तोडणे अपराध ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू व वेत गौण वनोपजांत घेऊन त्यांवरील वनवासींचा हक्क मान्य केला. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू वृक्षांतून वगळला गेला. दरम्यान सुमारे नव्वद वर्षे लोटली होती.

डांगमधील कुकणा समाज आपले मूळ कोकणात सांगतो. त्यांची बोली मराठी-कोंकणी कानास परकी वाटत नाही. विजयादशमीस आपण शस्त्रे पूजितो. ज्यांनी शस्त्राची काडी पारखली, ते लोक आपल्या इतक्या निकटचे आहेत. त्यांच्या वृद्धांपाशी जे ज्ञान अद्याप उरले असेल, ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवणे हीही शस्त्रपूजाच होय, असे आम्ही मानतो.