हरळी : मराठवाड्यातील इतिहास

(सं. दूर्वा, हिं. दूब, लॅ. सायनोडॉन डॅक्टिलॉन, कुल–ग्रॅमिनी). जमिनीवर सरपटणाऱ्या व भूमिगत अशा दोन्ही प्रकारच्या खोडांनी पसरणारे बहुवर्षायू गवत. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याचा समावेश पॅनिकम वंशात केला होता. प्रचलित शास्त्रीय नाव पेर्सून यांनी १८०५ मध्ये दिले. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना मात्र ते गणपतीला वाहावयाची दूर्वा आणि रान बुडविणारे तण, अशा दोन्ही नात्यांनी परिचित आहे.

खोडाच्या प्रत्येक पेऱ्यास मुळे व अंकुर फुटू शकतात. वखराची पास जमिनीच्या वरच्या थरातूनच फिरते. त्यामुळे हरळी मरण्याऐवजी तिचे तुकडे होऊन ती रानभर पसरते. भारी काळ्या जमिनीत खोल गेलेल्या काशा लाकडी नांगरासही दाद देत नसत. कुदळीने खणून त्या वेचणे हाच खात्रीचा उपाय होता. पण त्याची मजुरी लहान शेतकऱ्यास झेपत नसे व रान पड ठेवण्याची पाळी येई. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनविल्यावर खोल नांगरट शक्य झाली. तथापि त्यास अधिक बैल लागत व एकच जोडी असणाऱ्यास सावडीवाचून गत्यंतर नसे. उन्हाळ्यात नांगरून ढेकळे तापू द्यावयाची व काशा वेचून जाळावयाच्या, ही रीत ट्रॅक्टर आल्यावरही टिकली.

शेतात नकोशी असलेली ही चिवट वाढ बांधावर उपकारक ठरते. तेथे ती माती धरून ठेवते व जनावरांना चाराही पुरविते. १९७२ च्या दुष्काळासारख्या काळात या दुसऱ्या उपयोगाचे मोल विशेष जाणवते.

बागेतील हिरवळीसाठी काशांचे व धावत्या खोडांचे तुकडे पावसाळ्याच्या आरंभी लावतात. पाणी तुटल्यास पाने पिवळी पडून वाळतात. काशा जिवंत राहतात व पावसाबरोबर पुन्हा फुटतात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पिण्याच्या पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. अशा शहरात उन्हाळाभर हिरवळ हिरवी ठेवण्याचा हट्ट अयोग्यच. हरळीला तशी गरजही नसते. बाग शेताला लागून असल्यास मात्र कडेने फूटभर खोल चर राखून त्यात उतरलेल्या काशा दरवर्षी काढाव्या लागतात.